मदत हवी आहे: आबांना लोह-जस्ताचा गहू कसा पटवू? (कागल)

नमस्कार. दूधगंगेकाठी आमचं साडेतीन एकर रान, बहुतेक ऊस. सोयाबीन निघालं की 20 गुंठ्यांत वर्षाचा खायचा गहू करतो. यंदा तिथं एमएसीएस 6478 पेरावा असं मनात आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा वाण, लोह 42.8 पीपीएम (म्हणजे किलोभर गव्हात तेवढे मिलिग्रॅम), जस्त 44.1. नेहमीच्या गव्हात दोन्ही 30 च्या आसपास. साताऱ्याकडं करंजखोपच्या शेतकऱ्यांनी केलाय. थोरल्या लेकीचं हिमोग्लोबिन 9.4 आलं, तेव्हापासून हेच डोक्यात आहे. गोळ्या चालूच राहतील, पण चपाती दोन्ही वेळेला पोटात जाते.

अडलंय सासऱ्यांपाशी. आबांनी पहिलं विचारलं, "त्यात औषध घातलंय काय?" हा बीटी नाही, सरळ वाण आहे, घरचं बी पुढच्या वर्षी पेरता येतं, हे सांगितलं. ते पटलं, तरी नकोच म्हणतात. तीन वर्षांपूर्वी दुकानदाराच्या भरवशावर आणलेलं सोयाबीन उगवलंच नाही. आबा रोज सकाळी काकरीतली माती बोटानं उकरून बघायचे. बी फुगून कुजलेलं. दुबार पेरणी करावी लागली. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. गहू लोळला तर बांधावरून जाणाऱ्यालाही दिसतो. जस्त वाढलेलं कुणाला दिसणार? बाजारात जादा दरही नाही.

आपल्या भागात भारी काळ्या रानात कुणी केलाय का? पाणी जास्त झालं तर लोळतो का? मातीतच जस्त कमी असेल तर दाण्यात कमी उतरतं, मग पेरणीला झिंक सल्फेट टाकून भागतं का? आणि चपाती डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते का? सासूबाईंचं सगळं त्यावर आहे.

उत्तर: ताई, आबांपुढं जस्त-लोह काढूच नका. तांबेरा रोगाला टिकतो, 110 दिवसांत निघतो, हे सांगा. ते त्यांना रानात बघता येतं. 20 गुंठे मागू नका, पाच मागा. शेजारी त्यांचा नेहमीचा गहू, खत-पाणी एकच. झिंक सल्फेट माती तपासूनच टाका. आणि पेरायच्या आधी ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवा, कोंब आबांनाच मोजू द्या. आमचे वडील तिथंच वळले.

धागाकर्ती: पाच गुंठ्यांचं आज रात्री जेवताना काढते. बी आणलं की गोणपाट आबांनाच भिजवायला सांगते. चपातीचं मात्र अजून कुणी सांगितलं नाही, कुणी खाल्ली असेल तर लिहा.