कोलकात्याच्या रग्बी क्लबने शिल्लक वितळवून चषक केला, हे बरोबर होतं का?

कुलाबेकर
गेल्या पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाबाहेर छत्री धरून रग्बीची मॅच बघत उभा होतो. शेजारच्या शाळकरी मुलाने विचारलं, "काका, हा खेळ आपल्याकडे कधीपासून आहे?" तेव्हा घाईत दोन वाक्यांत सांगितलं. पण त्या इतिहासातला एक निर्णय माझ्या मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

१८७२ च्या नाताळात कोलकात्यात सामना झाला. एकीकडे इंग्लंडचे वीस, दुसरीकडे स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस. लगेच जानेवारी १८७३ मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला (नावात फुटबॉल, पण खेळ रग्बीचा), सभासद १३७. पण हवा खेळाला मानवेना. मोफत बार बंद झाला तसे सभासद गळाले, पलटणी बदलून गेल्या, उरलेले पोलो आणि टेनिसकडे वळले. क्लब गुंडाळायची वेळ आली तेव्हा खजिनदार रॉथनी यांनी सुचवलं की बँकेतल्या शिलकीतून रग्बीच्या कायमच्या भल्याचं काहीतरी करावं. मग चांदीचे २७० रुपये काढले, वितळवले आणि त्यांचा चषक घडवला. तीन नागांचे तीन कान, झाकणावर हत्ती. तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच्यासाठी खेळतात, आजही.

माझं मत स्पष्ट आहे: हौशी क्लबने यापेक्षा चांगला शेवट करताच आला नसता. पैसे वाटून घेतले असते तर आज त्या १३७ जणांचं नावसुद्धा कोणी काढलं नसतं.

गिरणगावकर
असहमत, आणि अगदी मनापासून.

आमच्या भागात गिरण्यांच्या संपानंतर कितीतरी कबड्डी मंडळं थंडावली. आमच्या मंडळाची शिल्लक अगदी किरकोळ होती. तेव्हाच्या जाणत्यांनी ती पोस्टात ठेवली आणि पासबुक एका काकूंच्या ट्रंकेत. नऊ वर्षांनी पोरं पुन्हा मैदानात उतरली तेव्हा त्यातूनच चुना, जर्सी आणि स्पर्धेची फी निघाली. मंडळाचा पैसा खेळणाऱ्यांचा असतो. आजचे नसतील तर उद्याचे.

कोलकात्याचा क्लब १८८४ मध्ये पुन्हा उभा राहिला. १८७८ मध्ये गुंडाळल्यावर सहाच वर्षांत! तोवर त्यांची चांदी समुद्रापार. रुपया एक तोळ्याचा, म्हणजे तीन किलोहून जास्त वजन. त्या काळात एवढ्यात मैदानाची किती वर्षं निगा झाली असती याचा विचार करा.

कुलाबेकर
पण दादा, ती शिल्लक नसतानाही क्लब उभा राहिलाच ना? म्हणजे अडलं होतं माणसांवाचून, पैशावाचून नाही. आणि १८७८ मध्ये परत सुरू होईल असं कोणाला वाटत होतं?

गिरणगावकर
काकूंना तरी कुठे माहीत होतं? तरी पासबुक जपलं.

शिवाय तुम्ही एक गोष्ट सोडलीत. देणाऱ्यांच्या मनात होतं की या चषकासाठी क्लबांनी दरवर्षी आपसात खेळावं, फुटबॉलच्या एफए कपसारखं. युनियनने ते मान्य केलं नाही, त्यांना क्लबांमध्ये अशी चढाओढ नको होती. चषक गेला दोन देशांच्या सामन्याला. हौशी क्लबने हौशी क्लबांसाठी दिलेली वस्तू, पण क्लबांच्या हाती कधी आलीच नाही. आणि १९८८ मध्ये एडिनबरोत सामन्यानंतर रात्री इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री यांनी तोच चषक भर रस्त्यात लाथाडला, चेपला. दोघांना बंदी झाली, पण हे वाचून मला फार लागलं. मूळ चषक आता इतका नाजूक झालाय की विजेत्याच्या हाती प्रतिकृती देतात.

कुलाबेकर
क्लबांच्या स्पर्धेचा मुद्दा मान्य. तो माझ्या मांडणीतला दोष आहे.

हुगळीकाठ
मी पंधरा वर्षं कोलकात्यात आहे. तुम्ही दोघेही चांदीवर बोलताय, मला वाद वेगळ्याच जागी दिसतो. त्या क्लबला इथला, स्थानिक म्हणायचं तर स्थानिक कोण? तो क्लब गोऱ्या व्यापाऱ्यांचा आणि फौजेतल्या गोऱ्यांचा. पैसा इथे राहिला असता तरी १८८४ मध्ये तो बंगाली पोराच्या हाती चेंडू देणार नव्हता. म्हणून गिरणगावकरांची तुलना मला लागू वाटत नाही. तुमचं मंडळ वस्तीचं होतं.

तो क्लब १९६५ मध्ये क्रिकेट क्लबात विलीन झाला आणि बालीगंजला आजही आहे. पण इथल्या रग्बीचा खरा स्थानिक इतिहास माझ्या लेखी २००४ पासूनचा. तेव्हा जंगल क्रोज हा रग्बी क्लब सुरू झाला, आणि त्यात वस्तीतली मुलं आली. त्यांच्याच कामातून उत्तर बंगालमध्ये सरस्वतीपूरच्या चहाबागेतल्या मुली खेळू लागल्या. पानं खुडणाऱ्या आयांच्या मुली! हे नागाच्या कानांपेक्षा जास्त लिहिलं गेलं पाहिजे.

मुळाकाठची
हुगळीकाठ, जवळजवळ सगळं पटलं. फक्त जुनं पुसू नका. मी पुण्यात तीन वर्षं रग्बी खेळले. आमच्या वाहबिझ भरूचाने भारताच्या महिला संघाचं नेतृत्व केलं, २०१९ मध्ये सिंगापूरला २१-१९ हरवून पंधरा जणींच्या खेळातला पहिला विजय आला. घरी रग्बी म्हटलं की "हे कुठलं परदेशी खूळ" ऐकावं लागायचं. तेव्हा १८७२, आणि १९२४ पासूनची अखिल भारतीय स्पर्धा, हे दोन आकडे मी बाबांना तोंडपाठ ऐकवायचे. गोऱ्यांनी आणला असेल, पण दीडशे वर्षं या मातीत पडून-उठून झालंय. क्रिकेटला कोणी असं विचारत नाही.

गिरणगावकर
ताई, बाबा मानले का?

मुळाकाठची
आकड्यांनी नाही. एकदा मैदानावर आले, चिखलात माखलेल्या आम्हा पंधराजणींना बघितलं, आणि पुढच्या रविवारी स्वतःच पाण्याचा कॅन भरून घेऊन आले.

गिरणगावकर
मग तो कॅन जपून ठेवा. चांदीबद्दल माझं मत तेच आहे.