बिल्ड लॅपटॉपवर होतो, रनरवर अडतो. आणि पहाटे पाचचे काम साडेदहाला सुरू होते

प्रश्न (रावेर)

नमस्कार. परिसरातील केळी उत्पादकांसाठी रोजचे भाव दाखवणारे छोटे रिॲक्ट संकेतस्थळ मी चालवतो. कापणीला माणसे लावण्याआधी शेतकऱ्याला भाव दिसावा, म्हणून सोमवार ते शनिवार पहाटे पाचला गिटहब ॲक्शन्सने (गिटहबवर ठरलेली कामे आपोआप चालवणारी सेवा) ताजे आकडे घेऊन बिल्ड करावा (कोडपासून तयार संकेतस्थळ बनवावे), अशी मांडणी यामल फाइलमध्ये केली असून क्रॉनची, म्हणजे वेळापत्रकाची, ओळ ‘० ५ * * १-६’ (मिनिट, तास, तारीख, महिना, वार) अशी आहे. माझ्या विंडोज लॅपटॉपवर बिल्ड विनातक्रार होतो. गिटहबच्या उबुंटू (लिनक्स) रनरवर, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या संगणकावर, मात्र ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येऊन तो ‘एक्झिट कोड १’ने थांबतो, आणि ज्या फाइलबद्दल तक्रार आहे ती तर फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर आहे. शिवाय काम सुरूच होते साडेदहाला, तोवर गाड्या भरून निघालेल्या असतात. नोड मॉड्यूल्स (बाहेरून आणलेली पॅकेजेस) दोनदा पुसले, कॅशही (साठवलेली जुनी प्रत) काढली.

उत्तर (धुळे)

कॅशचा येथे काही दोष दिसत नाही. ‘एक्झिट कोड १’ एवढेच सांगतो की काहीतरी फसले. खरी ओळ लॉगमध्ये त्याच्या वर असते. त्या ओळीतील फाइलचे नाव अक्षरशः जुळवून पाहा. विंडोजला कॅपिटल बी आणि स्मॉल बी सहसा एकच वाटतात, लिनक्सला ती दोन वेगळी नावे असतात. आपण फोल्डरमध्ये केवळ एका अक्षराचा आकार बदलला असेल, तर विंडोजवरील गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) तो बदल बहुधा नोंदवतच नाही आणि रनरकडे जुनेच नाव जाते, कोड मात्र नवे नाव शोधतो. ‘गिट एलएस-फाइल्स’ चालवून गिटला ठाऊक असलेले नाव पाहावे.

प्रश्नकर्ता

आपले निदान अचूक निघाले. फोल्डरमध्ये ‘केळीभाव’च्या रोमन नावात भ कॅपिटल बीने आहे, गिटच्या यादीत मात्र सगळे स्मॉल आहे. दिवाळीत नावे नीटनेटकी करण्याचा उत्साह आला होता, तो आता भोवला. अक्षरांच्या आकाराकडे दुर्लक्ष करायचे की नाही हे ठरवणारी गिटची ‘कोअर डॉट इग्नोरकेस’ सेटिंग फॉल्स करू का?

उत्तर (धुळे)

तसे करू नये; विंडोजवर ती सेटिंग बदलल्यास एकच फाइल दोन नावांनी नोंदली जाण्याचा घोळ होतो. ‘गिट एमव्ही’ या नाव बदलण्याच्या आज्ञेने आधी एखादे तात्पुरते नाव द्यावे, पुन्हा त्याच आज्ञेने हवे ते नाव द्यावे आणि मग कमिट करावे, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवावा.

उत्तर (भुसावळ)

वेळेचे कोडे सोपे आहे. वेगळे काही सांगितले नसेल तर तेथील क्रॉन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो आणि आपले घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते, म्हणून पाचचे साडेदहा होतात. केवळ तास बदलून भागणार नाही, कारण आपल्याकडे सोमवारी पहाटेचे पाच वाजतात तेव्हा यूटीसीत रविवारचे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. वार १-६ ठेवले तर सोमवारचा बिल्ड गळेल आणि रविवारी, बाजार नसताना, उगाच चालेल. म्हणून ‘३० २३ * * ०-५’ लिहावे. मी स्वतः मिनिटांच्या जागी १७ लिहिले असते, म्हणजे ४:४७. नियोजित कामे भार वाढला की, विशेषतः तासाच्या ठोक्याला, उशिरा सुटतात, त्यामुळे थोडा अवधी हाताशी राहिलेला बरा.

प्रश्नकर्ता

नाव दोन टप्प्यांत बदलले, क्रॉनमध्ये १७ मिनिटे घेतली. आज सोमवारी ४:५३ला बिल्ड सुरू झाला आणि पाचच्या आत पानावर आजची तारीख दिसली.