वाई-मेणवली-धोम नदीकाठाने ट्रेल रन: १०, २१ आणि ३५ किमीचा मार्ग आखताना काय पाहावं?

कृष्णाकाठ_वाई

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत कृष्णेच्या काठाने ट्रेल रन (पायवाटांवरची धाव) घ्यायचं आमच्या गटाचं ठरतंय. सुरुवात आणि शेवट गणपती घाटाजवळ. १० किमी मेणवलीच्या घाटाला वळसा घालून परत, चढ जेमतेम १०० मीटर. २१ किमी मेणवलीवरून धोमकडे आणि येताना पलीकडच्या काठाने, चढ २५० मीटर. त्यात नदी दोनदा ओलांडावी लागते, एकदा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून आणि एकदा उतारातून, म्हणजे पात्रातल्या उथळ जागेतून चालत. उताराला पाणी गुडघ्याखाली असतं. ३५ किमीला यालाच पांडवगड जोडायचा, एकूण चढ ९०० मीटर धरलाय. धावपटू साधारण २००, १४० आणि ६०. डांबरी रस्त्यावरच्या स्पर्धेचं गणित जमतं, पण पाणंद, बांध आणि पाणी यांचं वेगळं असणार. सुटण्याच्या वेळा, कटऑफ (पोचायची शेवटची मुदत), खुणा, पाणी यांबद्दल नेमकं सांगा.

उतार_मार्शल

आधी नदीचं बघा, बाकी सगळं नंतर. धोम धरणाच्या खाली कृष्णेला किती पाणी असेल ते पावसावर नाही, धरणातून काय सोडलंय त्यावर ठरतं. फेब्रुवारीत आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी, चालू असू शकतं. पाहणीच्या दिवशी पोटरीएवढं असलेलं पाणी स्पर्धेच्या दिवशी मांडीला लागलं तर त्यात नवल नाही. पाटबंधारे उपविभागाला लेखी अर्ज द्या. तारीख, वेळ आणि उताराची जागा नकाशावर दाखवून त्या दिवशीच्या विसर्गाचं वेळापत्रक मागा. धरणावर ड्युटीला असणाऱ्या कर्मचाऱ्याचा नंबर उताराच्या प्रमुखाकडे हवा, आयोजकांच्या ऑफिसात असून उपयोग नाही.

उताराचा नियम आदल्या दिवशीच लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी काठावर वाद होत नाहीत. पात्रात एक काठी रोवा आणि सर्वात खोल जागेची गुडघ्याची पातळी तिच्यावर लाल रंगाने आखा. वेग मोजायला १० मीटर अंतर आखून वाळकं लाकूड सोडा. ते १० सेकंदांच्या आत पार झालं, म्हणजे वेग सेकंदाला १ मीटरच्या वर गेला, आणि पाणी लाल रेघेला टेकलं, की उतार बंद. मग सगळ्यांना पुलावरच्या पर्यायी मार्गाने वळवायचं. हा मार्ग आधीच मोजलेला आणि फिती लावून, पण दोरी आडवी बांधून बंद ठेवलेला हवा. अंतर अर्धा किलोमीटर कमी-जास्त झालं तरी चालेल.

दोर लावणार असाल तर प्रवाहाला काटकोनात ताणू नका, पलीकडचं टोक थोडं खालच्या अंगाला घ्या. धावपटूने दोराच्या खालच्या बाजूने, तोंड वरच्या प्रवाहाकडे करून, बाजूबाजूला पाऊल टाकत जायचं. वरच्या बाजूने गेला आणि घसरला तर पाणी त्याला दोरावर दाबून धरतं, पाठीवरची पिशवी अडकते. कमरेला दोर बांधून कुणालाही पाण्यात सोडायचं नाही, अजिबात नाही. १५ ते २० मीटर खाली दोन पोहणारे, फेकायचा दोर आणि हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब ठेवा. २०० मीटर वर वॉकीटॉकी घेऊन एक जण फक्त पाण्याकडे बघत बसवा. पाणी वाढताना आधी काड्या-पालापाचोळा वाहून येतो आणि रंग गढूळ होतो.

बंधारा लोकांना सोपा वाटतो, मला उताराइतकीच त्याची काळजी वाटते. फेब्रुवारीत बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात, म्हणजे एका बाजूला काठोकाठ खोल पाणी आणि दुसऱ्या बाजूला खडकावर पडायची भीती. वरची वाट अरुंद, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. त्यावर धावायचं नाही, चालायचं, आणि वाहतूक एकाच दिशेने. दोन्ही टोकांना माणूस ठेवा, एका वेळी दहा जण सोडा. ८० मीटर लांबी धरली तरी चालत मिनिटभर लागतं, १४० लोकांत गर्दी होत नाही.

पाणंद_नकाशे

मार्गाबद्दल माझा आग्रह एकच: ३५ वाल्यांना पांडवगड आधी द्या, नदीकाठ नंतर. चढण सकाळच्या गारव्यात होते. शिवाय ते काठावर परत येईपर्यंत १० किमीवाले संपलेले असतात, चिंचोळ्या वाटेवर समोरासमोर टक्कर होत नाही. याची किंमत एकच, उताराच्या पथकाला दुपारपर्यंत पाण्यापाशी थांबावं लागेल. जेवणाची आणि बदली माणसांची सोय करा.

कटऑफ काढताना दर १०० मीटर चढाला १ किमी जास्त धरा. तुमचे अंतर-अधिक-चढ आकडे ११, २३.५ आणि ४४ होतात. ट्रेलवर शेवटच्या माणसाला अशा प्रत्येक किलोमीटरला ११ मिनिटं द्या. १० ला २ तास, २१ ला साडेचार तास, ३५ ला ८ तास बसतात. ३५ साठी गडावरून उतरल्यावर मेणवलीत मधला कटऑफ ठेवा आणि तो आधी जाहीर करा. तिथे अडवलेला माणूस गाडीने परत नेता येतो, पलीकडच्या काठावर गेलेला नेणं अवघड.

सुटण्याच्या वेळा: ३५ ला ६:४५, २१ ला ७:१५, १० ला ७:४५. त्याआधी नको. उसाच्या पट्ट्यात झुंजुमुंजू होईपर्यंत बिबट्या आणि रानडुकरं फिरतात. १० किमीला ५०-५० च्या तुकड्या पाच मिनिटांच्या अंतराने सोडा आणि पहिला दीड किलोमीटर रुंद रस्त्यावर ठेवा. पहिल्या २०० मीटरवरच पायवाट आली तर मागचे ऊस तुडवत पुढे घुसतात, आणि पुढच्या वर्षी तो शेतकरी परवानगी देत नाही.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते अंतरं फुटतात तिथे. तुमच्याकडे मेणवलीला तिन्ही वाटा वेगळ्या होतात. तिथे नुसता फलक पुरत नाही. छातीवरच्या नंबरचा रंग अंतरानुसार वेगळा ठेवा आणि नंबर बघून ओरडून दिशा सांगणारे दोघे उभे करा. फिती दर ७०-८० मीटरवर. वळणानंतरच्या २० मीटरमध्ये लागोपाठ तीन, म्हणजे वाट बरोबर असल्याची खात्री पटते. चुकीच्या वाटेवर फक्कीने (चुन्याच्या भुकटीने) आडवी रेघ आणि फुली. पिवळी फीत वाळल्या गवतात दिसत नाही, भगवी देवळाजवळ लोकांना खूण वाटतच नाही. गुलाबी किंवा निळी घ्या. फिती आदल्या संध्याकाळी लावा, कारण शेळ्या खातात आणि पोरं काढून नेतात. त्याच कारणासाठी पहिल्या तुकडीच्या पाऊण तास आधी एकाने खिशात फिती घेऊन पूर्ण मार्ग पळायचा.

कृष्णाकाठ_वाई

गड आधी घेण्याचं पटलं, तसाच बदल करतो. पाणी किती ठेवायचं आणि डॉक्टरांची व्यवस्था कशी? १०८ ची गाडी पुरेल का?

डॉ_पायवाट

१०८ राखीव ठेवता येत नाही, दुसरीकडे कॉल आला की ती जाणार. खाजगी रुग्णवाहिका दोन घ्या, एक शेवटच्या रेषेपाशी आणि एक मेणवलीत. गाडी पाणंदीच्या तोंडापर्यंतच येते हे लक्षात ठेवा. प्रत्येक टप्प्यावरून स्ट्रेचर कुठे आणायचा आणि किती मिनिटं लागतात ते आधी चालून बघा. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात, पीत नदीकाठच्या १०० किमी शर्यतीत १७२ पैकी २१ जण गारठून गेले. ती जागा दोन चौक्यांमधली होती, जिथे गाडी पोचत नव्हती. आपल्याकडे फेब्रुवारीत थंडी नाही मारणार, पण गडाच्या टप्प्याला हीच अडचण आहे. म्हणून गडावर प्रथमोपचार जाणणारे दोघे आणि चालणारा वॉकीटॉकी हवाच. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका.

पाणी: दर ५ किमीला एक ठिकाण. एका माणसाला एका थांब्यावर ४०० मिली धरा. २०० जणांना ८० लिटर, डोक्यावर ओतणं आणि सांडणं धरून १२०, म्हणजे २० लिटरचे सहा जार. गडाच्या पायथ्याला दुप्पट. कागदी पेले ठेवू नका, सगळे नदीत जातात. बाटली किंवा घडीचा पेला सक्तीचा करा. ओआरएसचं पाकीट बरोबर १ लिटर पाण्यातच. पेल्यात अर्धं पाकीट ओतून दिलं तर मळमळ आणि जुलाब. सोबत उकडलेला बटाटा-मीठ, केळी, चिक्की. उसाचा रस नको, बर्फ आणि माश्यांमुळे पोटं बिघडतात.

ऊन लागून माणूस बरळायला लागला, झोकांड्या जायला लागल्या, तर आधी गार करा, मग हलवा. ताडपत्रीच्या मधोमध त्याला झोपवा, चौघा-सहा जणांनी कडा उचलून धरायच्या, ८०-१०० लिटर पाणी आणि बर्फ ओतून हलवत राहायचं, डोकं वर. गुदद्वारातलं तापमान ३९ वर आलं की थांबा. दुसऱ्या टोकाचा रुग्ण म्हणजे भरपूर साधं पाणी प्यायलेला: बोटं सुजलेली, अंगठी घट्ट, उलट्या, डोकेदुखी. त्याला आणखी पाणी पाजू नका आणि साधं सलाईन सरसकट लावू नका, सोडियम घसरलेलं असतं.

सर्पदंशासाठी वाईच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत ते आदल्या दिवशी विचारा. पायाला जखम असलेल्याने उतारात जाऊ नये. नदीच्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे येणारा ताप) होतो. सबा, मलेशिया इथल्या २००० सालच्या इको-चॅलेंज स्पर्धेनंतर विचारपूस केलेल्या १८९ खेळाडूंपैकी ८० जणांत त्याची लक्षणं निघाली होती. स्पर्धेनंतर महिनाभरात ताप आला तर नदीत उतरल्याचं डॉक्टरांना सांगा, एवढी ओळ माहितीपत्रकात टाका.

बांधावरचा

तारीख पंचांग बघून धरा. पौष पौर्णिमेच्या मांढरदेव यात्रेला पोलीस तिकडेच असतात, बावधनच्या बगाडाला म्हणजे रंगपंचमीला रस्ते भरलेले, आणि कृष्णाबाईच्या उत्सवात घाटांवर मांडव पडतात. गणपती घाटाचे दिवस कोणते, ते उत्सव समितीला विचारूनच छपाईला द्या.

वडाच्या झाडांवर आणि पुलाखाली आग्या मोहोळ आहे का ते आठवडाभर आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी बघा. असेल तर तिथून १०० मीटरच्या आत स्पीकर, ड्रोन, धूर काही नको. जवळून वाट जात असेल तर वाटच बदला.

शेवटचं, पण माझ्या लेखी सगळ्यात गंभीर: रानडुकरांसाठी काही जण कुंपणाच्या तारेत रात्री वीज सोडतात. पहाटे फिती तपासणारा माणूस अंधारात त्याच बांधावरून जाणार. मार्गालगतच्या प्रत्येक शेतमालकाला स्वतः भेटा, सरपंचांच्या एका सहीवर भागवू नका. आदल्या संध्याकाळपासून तार बंद ठेवायला सांगा आणि रात्री ९ वाजता फोन करून परत विचारा. ज्याच्याशी बोलणं झालं नाही त्याच्या बांधावरून मार्ग नेऊ नका.