तोकव्हिलला अमेरिकेत दिसलेली समता नेमकी कोणाची होती?

पिंपळपार

आमच्या वाचनगटात अलेक्सी द तोकव्हिलचं अमेरिकेतल्या लोकशाहीवरचं पुस्तक नुकतंच वाचून झालं. शनिवारी त्यावरून कडाक्याचा वाद झाला आणि तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतो.

तोकव्हिल हा फ्रान्समधल्या सरदार घराण्यातला. क्रांतीच्या दहशतीत त्याचे आईवडील तुरुंगात गेले, आईचे आजोबा गिलोटिनवर. मे १८३१ मध्ये, वयाच्या पंचविशीत, तो गुस्ताव्ह द बोमाँ या मित्राबरोबर अमेरिकेत उतरला. सरकारी काम होतं तिथल्या तुरुंगांची पाहणी करण्याचं. नऊ महिने दोघं देशभर फिरले. पुस्तकाचा पहिला भाग १८३५ मध्ये आला, दुसरा १८४० मध्ये. सुरुवातीलाच तो सांगतो की, या देशात मला सगळ्यात जास्त कशानं थक्क केलं असेल, तर इथल्या माणसांच्या समान स्थितीनं.

माझं म्हणणं असं की हे वाक्य अपुरं नाही, चुकीचंच आहे. १८३० च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या सुमारे १ कोटी २८ लाख होती आणि त्यात २० लाख गुलाम होते. बायकांना मत नव्हतं. आणि हा माणूस काळ्यांचा आणि मूळनिवासींचा विषय पहिल्या भागाच्या शेवटच्या प्रकरणात घेतो. का, तर म्हणे हे विषय अमेरिकेचे आहेत, पण लोकशाहीचे नाहीत! वाडा बघायला आलेल्यानं दिवाणखाना, माजघर, चौक सगळं मन लावून पाहावं आणि गोठ्यात बांधलेली माणसं जाता जाता नोंदवावीत, असं झालं हे.

सायली_क

साफ असहमत. ते शेवटचं प्रकरण त्या भागातलं सगळ्यात लांब प्रकरण आहे, हे तुम्ही सांगितलं नाहीत.

त्यातला मेम्फिसचा प्रसंग परत वाचा. १८३१ चा डिसेंबर, मिसिसिपी नदीत बर्फाचे तुकडे वाहतायत. आदल्याच वर्षी झालेल्या कायद्यानं चोक्टॉ या मूळनिवासी लोकांना नदीपलीकडे पाठवलं जातंय. जखमी, आजारी, नुकती जन्मलेली मुलं, मरायला टेकलेले म्हातारे. तंबू नाहीत, गाड्या नाहीत. सगळे गुपचूप होडीत चढतात, रडण्याचा आवाजसुद्धा नाही. कुत्री तेवढी काठावर राहतात. मालक कायमचे चाललेत हे लक्षात आल्यावर ती एकदम भेसूर ओरडतात आणि त्या गोठणाऱ्या पाण्यात उड्या टाकून होडीमागे पोहू लागतात. मी हे पान वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आणि पुढे तो म्हणतो की स्पॅनिश लोकांना एवढ्या कत्तली करून जे जमलं नाही, ते अमेरिकनांनी शांतपणे, कायदेशीरपणे करून दाखवलं. डोळे मिटून घेतलेला माणूस असं लिहील का?

दुसरं, समान स्थिती म्हणजे सगळे सुखात असा त्याचा अर्थ नाहीच. जन्मानं मिळणारा सरदारी दर्जा नाही, एवढाच. त्याचं एक कारण तो वारसा कायद्यात शोधतो. थोरल्यालाच सगळी जमीन जाण्याची पद्धत मोडली, वाटण्या झाल्या आणि दोन पिढ्यांत मोठी घराणी विरघळली. सातबाऱ्यावर नावं कशी वाढत जातात हे पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

ओहायोकाठ

मी केंटकीतल्या कॉव्हिंग्टनमध्ये राहतो. रोज ओहायो नदीवरचा पूल ओलांडून ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला कामाला जातो. तोकव्हिल याच नदीवरून गेला होता. एका काठाला गुलामी, दुसऱ्या काठाला नाही. तो लिहितो की केंटकीच्या बाजूला सगळं सुस्त, अर्धवट पेरलेली शेतं. ओहायोच्या बाजूला गजबज, भरघोस पीक. कारण एकीकडे कष्ट म्हणजे गुलामाचं काम, म्हणून लाजिरवाणं. दुसरीकडे कष्टाला मान.

निरीक्षण जबरदस्त आहे, पण मला ते टोचतं. गुलामीनं मालकाचं किती नुकसान होतं, याचाच हिशोब त्यात मोठा आहे. शिवाय दोन काठ इतके वेगळे नव्हतेच. सिनसिनाटीत खारवलेलं डुकराचं मांस पिंपांत भरून याच नदीनं दक्षिणेकडे जायचं, तिथल्या मळ्यांवरही. म्हणजे ओहायोच्या काठाच्या बरकतीत गुलामीच्या काठाच्या साखळदंडांचा वाटा होता.

आमच्या पुलाजवळ सिनसिनाटीच्या बाजूला एक संग्रहालय आहे. केंटकीतल्या शेतावरून आणलेली गुलामांची कोठडी तिथे जशीच्या तशी उभी केलीय. ओंडक्यांची, दुमजली. विकायला न्यायच्या माणसांना तिच्यात डांबून ठेवायचे. वरच्या तुळईला लोखंडी कड्या आहेत, त्यांतून साखळी ओवायचे. आईबाबा पुण्याहून आले तेव्हा त्यांना घेऊन गेलो होतो. बाबांनी मान वर करून त्या कड्या मोजल्या आणि नंतर घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

पिंपळपार

सायली, कुत्र्यांचा प्रसंग मलाही विसरता येत नाही. पण हळहळणं वेगळं आणि सिद्धान्तात जागा देणं वेगळं. तेच पाहणारे डोळे १८४१ मध्ये अल्जीरियाबद्दल लिहितात तेव्हा फ्रान्सच्या वसाहतीची बाजू घेतात, गावं उजाड करण्याचंही समर्थन करतात. समता गोऱ्यांची, हे त्याच्या मनात इतकं पक्कं होतं.

सायली_क

अल्जीरियाचं मान्य, त्याचा बचाव मी करणार नाही. पण त्याच माणसानं १८३९ मध्ये फ्रेंच वसाहतींतली गुलामी रद्द करण्याचा अहवाल लिहिला, हेही त्याच पारड्यात टाका.

आणि सिद्धान्तात जागा दिली नाही म्हणता? बहुमताच्या जुलमावरची तळटीप बघा. पेनसिल्व्हेनियातल्या एका माणसाला तो विचारतो, तुमच्याकडे स्वतंत्र काळ्यांना मताचा हक्क आहे, मग सकाळी मतदानाला एकही का दिसला नाही? उत्तर मिळतं, हक्क आहे हो, पण मार खायची भीती वाटते म्हणून ते आपणहून येत नाहीत. बहुमत पाठीशी नसेल तर इथे कायद्याचं चालत नाही. १८३८ मध्ये त्या राज्यानं घटनेत ‘गोरा’ हा शब्द घालून उरलासुरला हक्कही काढून घेतला. दुखणं कुठे आहे हे त्यानं त्याआधीच ओळखलं होतं.

दत्ता_मास्तर

तुम्ही दोघंही फ्रेंच माणसाच्याच खांद्यावरून बघताय. अमेरिकेकडे बाहेरून पाहणारा एक माणूस आपल्या पुण्यातही होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. जोतीराव अमेरिकेला कधी गेले नाहीत. पण त्यांनी सुरुवातच बांधलेल्या माणसापासून केली. तोकव्हिल जिथे संपवतो तिथून. मला हा फरक विद्वत्तेचा वाटत नाही, उभं राहायच्या जागेचा वाटतो.

पुढे बाबासाहेब त्याच देशात, कोलंबिया विद्यापीठात शिकले. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलं की राजकारणात समता आणि समाजात विषमता, अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण पाऊल टाकतोय. तोकव्हिलनं तळटीपेत ठेवलेलं बाबासाहेबांनी ऐन घटना स्वीकारायच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर मांडलं.

वैशाली_नगर

मी पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही. पण शाळेत जसं ज्ञान मिळतं तसं गावच्या कारभारातून स्वातंत्र्य अंगवळणी पडतं, असं तो म्हणतो, तेवढं ऐकलंय. मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते, राखीव जागेवरून. त्यामुळे ते मला पटतं. पहिल्या वर्षी बोलताना घसा कोरडा पडायचा, तिसऱ्या वर्षी मी पाणीपट्टीच्या हिशोबावरून ग्रामसेवकाला उभं धरलं होतं.

पण पेनसिल्व्हेनियाचं वाचलं आणि अंगावर काटा आला. आमच्या ग्रामसभेत सतरंजी मोठी असायची, अर्धी मोकळीच राहायची. आमच्या वस्तीतली माणसं दाराबाहेर, चपलांजवळ उभी राहायची. कुणी अडवलं नव्हतं. मी खुर्चीवरून हाक मारायचे, “मामा, आत या, बसा.” मामा हात जोडायचे आणि म्हणायचे, “असू दे पोरी, हितं बरं हाय.” पाच वर्षांत ते एकदाही सतरंजीवर बसले नाहीत.

पिंपळपार

वैशालीताई, पुढच्या शनिवारी गटात तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर चालेल का?

वैशाली_नगर

चालेल. मामांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत वाचा फक्त.