१९२५चं घर आणि शिशाचा रंग: कोणती तपासणी करावी?

प्रेषक: अनघा, मॉल्डन

नमस्कार मंडळी,

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये, मेडफर्डमधल्या एका टू-फॅमिली (दोन कुटुंबांच्या) घरावर आमची ऑफर मंजूर झाली आहे. बांधकाम १९२५चं. शिशाच्या फॉर्मवर मालकाने "काही माहिती नाही" यावर खूण केलीय. एजंट म्हणतो, "इथली सगळी जुनी घरं अशीच. शिशाच्या तपासणीची दहा दिवसांची मुदत सोडून द्या, नाहीतर घर हातचं जाईल." होम इन्स्पेक्शनच्या दिवशी निखिलने दुकानातलं शिसं ओळखायचं किट हॉलच्या भिंतीवर घासून पाहिलं, रंग बदलला नाही. होम इन्स्पेक्टरचं म्हणणं, शिसं त्याच्या कामात येतच नाही. लेक सव्वा वर्षाची आहे, हाताला लागेल ते तोंडात. कोणाला अनुभव आहे का?

अनघा

*

प्रेषक: सुहास, फ्रेमिंगहॅम

अनघा, एवढं मनावर घेऊ नका. आम्ही १९५८च्या घरात दोन्ही मुलं वाढवली, दोघंही इंजिनिअर झाली. वरून चांगल्या रंगाचे दोन हात मारा, विषय संपला. आणि हो, गणपतीची वर्गणी अजून बऱ्याच जणांची यायची आहे!

सुहास

*

प्रेषक: मेधा, वूस्टर

अनघा,

मी लेड इन्स्पेक्टर नाही, पण आमच्या प्रयोगशाळेत असे धुळीचे नमुने सतत येतात. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

ती मुदत सोडू नकोस. १९७८पूर्वीचं घर विकत घेताना तपासणीसाठीचे दहा दिवस तुला अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्याने मिळतात. मालकावर मात्र तपासणीची सक्ती नाही, माहीत असेल तेवढं सांगायचं. साहजिकच पुष्कळ मालक माहिती करून घेण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. पत्ता टाकून घराच्या जुन्या तपासण्या राज्याच्या आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर बघता येतात, ते आजच कर. तिथे काही सापडलं नाही म्हणजे शिसं नाही असं नव्हे, कदाचित कोणी तपासलेलंच नसेल.

शिशाचा रंग आहेच असं धरून चाल. ईपीएच्या (केंद्राच्या पर्यावरण संस्थेच्या) अंदाजाने १९४०पूर्वीच्या शंभरातल्या ८७ घरांत तो आहे, १९६० ते ७७मधल्या शंभरातल्या २४ घरांत. (सुहासराव, तुमचं घर मधल्या गटात, ६९.) तेव्हा शोधायचं ते हे, की शिसं कुठून सुटतंय आणि लेकीच्या हातापर्यंत पोचतंय का.

किट भिंतीवर घासून फारसं काही कळत नाही. शंभर वर्षांत थरावर थर चढलेत आणि किटला कळतो फक्त वरचा. शिवाय शिशाचा रंग टिकाऊ, म्हणून तो खिडक्या, दारं, कठडे, पोर्च अशा झिजणाऱ्या जागी जास्त असतो.

तपासण्या दोन वेगळ्या असतात. लेड इन्स्पेक्शनमध्ये इन्स्पेक्टर एक्सआरएफ यंत्राने खोलीखोलीतला प्रत्येक रंगवलेला भाग मोजतो, न खरवडता खालचे थरही कळतात. चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम किंवा जास्त भरलं की तो शिशाचा रंग. रिस्क असेसमेंटमध्ये सुटलेले पोपडे, एकमेकांवर घासणारे भाग, धूळ, अंगणातली माती हे बघतात आणि काय करायचं ते लेखी देतात.

आता वरून रंग मारण्याबद्दल. शाबूत भिंतीवर ते चालून जाईल, खिडकीत नाही. खिडकी वर-खाली केली की लाकूड लाकडावर घासून रंगाचं पीठ खालच्या खाचेत साठतं, वाऱ्याने घरात येतं. रांगणाऱ्या मुलाला पोपडा खायची गरजच नसते, जमिनीवर टेकलेला हात तोंडात गेला की झालं. शिसं काढायचं काम संपल्यानंतर धुळीत उरलेल्या शिशाची केंद्राची नवी मर्यादा चौरस फुटाला जमिनीवर ५ मायक्रोग्रॅम, खिडकीच्या कट्ट्यावर ४०, खाचेत १०० अशी आहे. २००१च्या नियमात जमिनीचा आकडा ४० होता. इतकं शिसं डोळ्यांना दिसतही नाही.

आणि आपलं राज्य याबाबत कडक आहे. १९७८पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर शिशाचा धोका मालकाने दूर करायचाच. क्लोजिंग झालं (खरेदी पक्की झाली) की मालक तुम्ही. वरच्या मजल्यावर लेकुरवाळं भाडेकरू कुटुंब आलं तर तिथेही तेच, आणि मूल आहे म्हणून घर नाकारणं बेकायदा. सगळं एकदम झेपत नसेल तर रिस्क असेसरने सांगितलेली तातडीची कामं आधी करून इंटरिम कंट्रोलचं (तात्पुरत्या नियंत्रणाचं) पत्र मिळतं. ते वर्षभर चालतं, एकदा वाढवता येतं. किंमत ठरवताना हा खर्च धरा.

मेधा

*

प्रेषक: सुनंदा, नेशुआ

अनघा, रंगाचं मेधाने सांगितलंच. पण डॉक्टरांनी विचारलं तर घरातला कुंकू-सिंदूर, काजळ आणि भारतातून आणलेली सुटी हळद याबद्दलही सांग. काही सिंदुरांत आणि भेसळीच्या हळदीत शिसं सापडलेलं आहे. सुट्टीत सांगलीला जाशील तेव्हा जुन्या ऑइल पेंटची दारं-खिडक्याही बघ. भारतात रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) सक्ती नोव्हेंबर २०१७पासून आली, त्याआधीचे रंग घरोघरी आहेतच.

सुनंदाकाकू

*

प्रेषक: अनघा, मॉल्डन

सगळ्यांचे मनापासून आभार. मुदत सोडली नाही. एजंट नाराज आहे, असू दे. गुरुवारी एक्सआरएफवाला येतोय. निखिल म्हणतो, घर मिळालं की खिडक्या आपणच सँडरने घासून काढू, पैसे वाचतील. चालेल का?

*

प्रेषक: मेधा, वूस्टर

अजिबात नको! सुक्या सँडिंगने एका दुपारीत घरभर शिसं पसरेल. हीट गनही नको. रिपोर्ट येईपर्यंत काहीच खरवडू नका. मोठ्या धोक्याची कामं परवाना असलेला डिलेडरच (शिशाचा रंग काढणारा) करू शकतो, आणि तो काम करत असताना तुम्ही तिघं घराबाहेर. काही छोटी कामं प्रशिक्षण घेऊन मालकाला करता येतात, कोणती ते इन्स्पेक्टरला विचार. काम झाल्यावर धुळीच्या नमुन्यांचे आकडे हातात आल्याशिवाय सामान आत न्यायचं नाही.

लेकीची रक्ततपासणी नऊ ते बारा महिन्यांत झाली असेल, डॉक्टरांकडून नुसतं "नॉर्मल" ऐकून घेऊ नकोस, आकडा माग. सीडीसीची (केंद्राच्या आरोग्य संस्थेची) रक्तातल्या शिशाची रेषा २०२१पासून डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम आहे, त्याआधी ५ होती. पुढची तपासणी दोन वर्षांची झाल्यावर, मग तीन वर्षांची झाल्यावर.

गुरुवारचा रिपोर्ट आला की मला वेगळा पाठव, लिस्टवर नको.

मेधा