जठराचा कॅन्सर पसरलाय, तरी मोठं ऑपरेशन करायचं का?

साखरपेठकर: मामा, वय ६१, हयात यंत्रमागावर गेली. सीटीत यकृत, फुप्फुस स्वच्छ. पण दुर्बीण घालून पोटात पाहिलं तर आतल्या पडद्यावर बाजरीएवढ्या गाठी. एक डॉक्टर म्हणतात अख्खं जठर, प्लीहा, पडदा सगळं काढू. दुसरे म्हणतात फक्त केमो. माझं मत सरळ आहे, पडद्यावर पसरलं की चाकू लावू नये. जपान, कोरिया, सिंगापूरमधल्या रेगाटा चाचणीत (२०१६) जठर काढून केमो घेतलेले नुसत्या केमोवाल्यांपेक्षा जास्त जगले नाहीत.

भवानीपेठ_४१३: अर्धंच सांगितलंत की ओ! तिथं ऑपरेशन आधी, केमो नंतर, आणि पसरलेल्या गाठींना हातच लावला नव्हता. जर्मनीत उलटं केलं. थोडंच पसरलेल्या ६० जणांना आधी केमो दिली, त्यातल्या ३६ जणांचं ऑपरेशन झालं आणि त्यातले निम्मे ३१ महिन्यांच्या पुढे गेले. माणसाला संधीच द्यायची नाही का?

साखरपेठकर: ज्यांना केमो मानवली तेच ३६ टेबलावर गेले, मग आकडा चांगला येणारच. त्याच मंडळींनी पुढे चिठ्ठ्या टाकून गट पाडले (२०२४). निम्मे रुग्ण जितके महिने जगले तो टप्पा ऑपरेशनच्या गटात १८.५ महिने, नुसत्या केमोत २३.६. पडद्यावर पसरलेल्यांचं तर ऑपरेशननं नुकसानच झालं. फायद्याची चिन्हं दिसली ती फक्त लांबच्या लसिकाग्रंथींपुरतं पसरलेल्यांत.

वॉर्डातली_ताई: आकडे राहू द्या, मामा जेवतात किती? जठर काढलेले एक आजोबा आमच्याकडे होते. कडक भाकरी दुधात कुस्करून चार घास खायचे, की घाम फुटून आडवे. दर दोन तासांनी थोडं थोडं खाणं आणि जन्मभर बी-१२ची सुई. वजन आधीच उतरलेल्या माणसाला हे झेपत नाही. पण साखरपेठकर, ‘चाकू लावूच नये’ हेही चूक. अन्न खाली उतरत नसेल, तर बायपास (अन्नाला बाजूनं आतड्यात वाट काढणं) किंवा अडलेली वाट उघडी ठेवायला जाळी बसवणं हा वेगळा विषय आहे, ते त्रास कमी करायला असतं. आणि बायोप्सीवर हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन, ते जास्त असेल तर केमोसोबत त्यावरचं खास औषध देता येतं) तपासलं का? ते कुणीच विचारत नाही.

भवानीपेठ_४१३: ताईंचं पटलं. तरी केमोनं गाठी विरल्या तर परत दुर्बीण घालून बघाच. दार आत्ताच बंद करू नका.

साखरपेठकर: चार केमोनंतर बघू म्हणालात तर ठीक. हर-टू राहिलंय. सोमवारी बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात फाईल दाखवतो, आणि इथल्या डॉक्टरांना एवढंच विचारतो की दुर्बिणीतल्या गाठी बघूनही अख्खं जठर का? काय म्हणतात ते इथंच लिहितो.