गरम झाल्यावर गाडी बंद, स्कॅनर इंजिनशी जोडलाच जात नाही: ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला म्हणायचा का?

दहाचा पाना

चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. प्रत्येक सिलिंडरला स्पार्कची वेगळी कॉइल, कॉइलला दोनच वायरी. थंड असताना पहिल्या सेल्फला स्टार्ट होते. वीसेक मिनिटं चालली की एकदम बंद, अगदी किल्ली फिरवल्यासारखी. मग सेल्फ जोरात फिरतो, पण स्पार्क नाही आणि इंजेक्टरला पल्सही नाही. त्या वेळी किल्ली ऑन केली तरी चेक इंजिनचा दिवा लागत नाही आणि स्कॅनर इंजिनशी जोडला जात नाही. एबीएस, एअरबॅगशी मात्र बोलतो. एबीएसमध्ये यू०१०० (ईसीएमशी संपर्क तुटल्याचा कोड) पडलाय. अर्ध्या तासाने सगळं पूर्ववत.

आधी पी०३५३ (कॉइल सर्किटचा कोड) आल्यामुळे तीन नंबरची कॉइल बदललेली आहे, बाजारातली. गॅरेजचं म्हणणं: ईसीएम गेला, जुना एखादा आणून लावू. त्याआधी काय तपासावं? आणि त्याच मॉडेलचा जुना ईसीएम तसाच चालतो का?

वायरिंगवाला

दुसरा प्रश्न नंतर. स्पार्क नाही, पल्स नाही, दिवा नाही, स्कॅनर नाही, म्हणजे ईसीएम झोपलाय. झोपलाय आणि मेलाय यात फरक आहे. (नव्या गाड्यांत मीटर तो दिवा स्वतःहूनही लावतं, तिथे दिव्यावर विसंबू नका.) झोपण्याची कारणं साधारण तीन: सप्लाय नाही, अर्थिंग नाही, किंवा एखाद्या सेन्सरने ५ व्होल्टची लाइन (ईसीएम सेन्सरना सप्लाय देतो ती) खाली ओढली आहे. हे सगळं गाडी गरम होऊन बंद पडलेली असतानाच तपासायचं. थंड गाडीवर सगळे आकडे चांगलेच येतील.

वायरिंग डायग्राम समोर ठेवा. ईसीएमच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) कायमचा बॅटरी सप्लाय, किल्लीचा सप्लाय आणि मेन रिलेचा सप्लाय, असे तिन्ही बघा. नुसत्या मल्टिमीटरवर जाऊ नका. वायरीचा एकच तंतू शाबूत असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. कपलर काढून सप्लायच्या पिनेला ५ वॉटचा बल्ब लावा, तो लख्ख पेटला पाहिजे. अर्थिंगसाठी कपलर जोडलेला ठेवून, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा ईसीएमच्या अर्थ वायरीवर मागच्या बाजूने लावा आणि सेल्फ मारा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर आधी अर्थिंगचा नट खरवडून घट्ट करा.

मेन रिलेबाबत एक फसगत ठरलेली. बऱ्याच गाड्यांत हा रिले खुद्द ईसीएमच ओढतो. त्यामुळे रिलेतून सप्लाय येत नाही म्हणजे रिले खराब, असं नाही. रिले काढून ३० आणि ८७ या पिना फ्यूज असलेल्या वायरीने जोडा. ईसीएम जागा झाला, तर रिले किंवा त्याची कंट्रोल वायर पकडा.

सप्लाय आणि अर्थ दोन्ही चोख असतील तर ५ व्होल्ट मोजा, मॅप (मॅनिफोल्ड प्रेशर) सेन्सरच्या कपलरवर सोयीचं पडतं. शून्याजवळ आलं तर किल्ली ऑन ठेवून एकेक सेन्सर काढत जा: मॅप, थ्रॉटल, पेडल, एसीचा प्रेशर सेन्सर, आणि ५ व्होल्टवर चालणारे कॅम-क्रँक सेन्सर. एसीचा सेन्सर कुणाच्याच लक्षात येत नाही. जो काढल्यावर ५ व्होल्ट परत येतील तो चोर, ईसीएम निर्दोष. सगळे काढूनही शून्यच असेल तर बॅटरी सोडा, ईसीएमचा कपलर काढा आणि ५ व्होल्टची वायर ते बॉडी असा रेझिस्टन्स मोजा. तिथे कंटिन्युइटी मिळाली तर वायर कुठेतरी घासून शॉर्ट आहे. नाही मिळाली, तरच बोट ईसीएमकडे.

आणि हो, मीटरचा जाड प्रोब कपलरच्या पिनेत समोरून खुपसू नका. पिन पसरते आणि नवीनच लूज कनेक्शन जन्माला येतं.

बेंचवरून

वरच्यात भर. एबीएस बोलतोय म्हणजे कॅन लाइनचा (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या वायरींचा) मुख्य रस्ता ठीक आहे, पण ईसीएमकडे जाणारा फाटा तुटलेला असू शकतो. बॅटरी सोडून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतो त्या) ६ आणि १४ पिनांमध्ये ६० ओहमच्या आसपास यायला हवेत. १२० आले तर टोकाचा एक रेझिस्टर लाइनवर नाही. तो कित्येक गाड्यांत ईसीएमच्या आतच असतो.

कॉइल आणि इंजेक्टर आत्ताच मोजून ठेवा. दोन वायरींच्या कॉइलचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर ईसीएमच्या आत बसतो. तीन-चार वायरींची कॉइल असती तर ड्रायव्हर सहसा तिच्याच पोटात असता आणि ईसीएमवर ताण आला नसता. प्रायमरी (कॉइलच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स) एक ओहमच्या आत-बाहेर असते, त्यामुळे आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. साध्या पोर्ट इंजेक्टरला ११ ते १६ ओहम येतात. आकड्यापेक्षा चौघांत वेगळा कोण ते बघा.

दहाचा पाना

गाडी गरम करून बंद पाडली आणि मोजलं. तिन्ही सप्लायवर बल्ब लख्ख. अर्थचा ड्रॉप ०.०४. मॅपवर ५ व्होल्टच्या जागी ०.१, सगळे सेन्सर काढूनही तेवढंच. कपलर काढून वायर ते बॉडी ओपन. ईसीएम गार झाल्यावर ५ व्होल्ट परत. इंजेक्टर चारही १२ च्या घरात. कॉइल: तीन ठिकाणी ०.७ ओहम, बदललेल्या तीन नंबरला ०.३.

बेंचवरून

मग ईसीएमच, शंका नको. आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर किंवा त्याचं सोल्डर गरम झाल्यावर सोडतंय. ०.३ ची कॉइल या गाडीची नव्हे. तिच्यातून करंट जास्त वाहतो आणि ड्रायव्हर तापत राहतो. रेग्युलेटर त्याच उष्णतेने गेला की आपल्या मरणाने, हे बोर्ड उघडल्यावर कळेल. पण ही कॉइल दुसऱ्या ईसीएमवर लावलीत तर तोही जाईल. आधी मूळ पार्ट नंबरची कॉइल आणा.

आता जुन्या ईसीएमचं. तसाच लावला तर चालत नाही. इम्मोबिलायझरला (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला) तुमची किल्ली ओळखीची नसते. एक तर स्टार्टच होत नाही, किंवा होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते. उपाय म्हणजे क्लोन: तुमच्या ईसीएमची फ्लॅश आणि ईईप्रॉम (आतल्या दोन मेमरी) वाचून दुसऱ्यात लिहायची. त्यासाठी लेबलवरचा हार्डवेअर नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. डबा आणि कपलर सारखे दिसतात यावर जाऊ नका. तुमचा ईसीएम गार असताना जागा होतो, हे नशीब समजा. पूर्ण मेल्यावर डेटा काढणं फार अवघड, त्यामुळे बाकी काही करण्याआधी फाइल वाचून घ्या.

वायरिंगवाला

क्लोनची घाई कशाला? फाइल वाचून ठेवा, हे मान्य. पण दोष इतका नेमका सापडलाय तर आधी बोर्ड दुरुस्त होतो का ते विचारा. साधा हिरवा बोर्ड असेल तर रेग्युलेटर बदलता येतो, इम्मोबिलायझरला हातच लावावा लागत नाही. आत पारदर्शक जेल आणि सिरॅमिक बोर्ड निघाला तर मात्र नाद सोडा. केसासारख्या बारीक बाँड वायरी असतात त्यात, सोल्डरिंग गनचं ते काम नाही.

बेंचवरून

हरकत नाही, फक्त त्याच बोर्डावरचा तीन नंबरचा ड्रायव्हरही बदलून घ्या. त्याने बरंच सोसलंय.

दहाचा पाना

दुरुस्ती जमली नाही तर नवा घेईन. बदलताना क्रम काय?

वायरिंगवाला

किल्ली बंद करून पाचेक मिनिटं थांबा, मेन रिले काही वेळ ओढलेला राहतो. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. कपलरचा लिव्हर पूर्ण उघडूनच ओढा. आत हिरवट गंज किंवा तेल आहे का बघा. ऑइल प्रेशर स्विच किंवा कॅम सोलेनॉइड गळत असेल तर तेल वायरीच्या आतून चढत थेट ईसीएमपर्यंत येतं. तसं असेल तर गळती थांबवल्याशिवाय नवा लावू नका. ईसीएम डब्याला धरून उचला, पिनांना बोट नको. काही गाड्यांत ब्रॅकेटमधूनच अर्थ मिळतो, म्हणून सगळे स्क्रू परत लागलेच पाहिजेत.

नवा ईसीएम कोरा असतो. पी०६०२ दाखवला तर घाबरू नका, प्रोग्रॅम भरलेला नाही इतकाच त्याचा अर्थ. चासी नंबर, गाडीच्या व्हेरियंटचं कोडिंग आणि किल्ल्यांचं मॅचिंग कंपनीच्या स्कॅनरवरून होतं. जवळच्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला स्थिर १३ ते १३.५ व्होल्टचा सपोर्ट लावा. साधा चार्जर नको, त्याचा सप्लाय खडबडीत असतो. एसी, हेडलाइट, ब्लोअर बंद. मध्येच व्होल्टेज पडलं तर अर्धवट लिहिलेला ईसीएम बेंचवर उघडूनच सुटतो.

नंतर थ्रॉटलचं लर्निंग करा, तोवर पेडलला पाय लावायचा नाही. क्रँक सेन्सरचं लर्निंग गाडीला लागत असेल तर तेही. ते राहिलं तर चांगलं इंजिन असूनही मिसफायरचे कोड येतात. शेवटी सगळ्या मॉड्यूलमधले कोड साफ करा, एबीएसमधला यू०१०० सुद्धा. तो परत आला तर कॅनचा फाटा पुन्हा मोजा.

डिझेलवाले कुणी वाचत असतील तर: इंजेक्टरवर कोरलेले कोड आणि डीपीएफमधल्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधल्या) राखेचा आकडा जुन्यातून उतरवून नव्यात घालावा लागतो.

बेंचवरून

गाडी पूर्ण गरम करा, बॉनेट लावून तासभर चालवा आणि मॅपवर ५ व्होल्ट मोजा. ४.९ ते ५.१ मध्ये टिकलं तर काम झालं. जुना ईसीएम त्याआधी कुणाला देऊन टाकू नका, तुमच्या किल्ल्यांचा डेटा त्यातच आहे.